त्यांना ए.टी.के.टी. का नाही?

ए.टी.के.टी. म्हणजे काय हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं इंजिनिअरिंग तिच्याच जिवावर चाललंय. एम-थ्री राहिलं तरी टर्म पुढे सरकते, विषय पुढच्या वेळी सुटतो, आणि एकदा सुटला की सुटला. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यासुद्धा ‘लाइव्ह बॅकलॉग’ आणि ‘डेड बॅकलॉग’ असा फरक करतात. लाइव्ह असेल तर इंटरव्ह्यूला बसता येत नाही, डेड असेल तर बरेच जण चालवून घेतात. म्हणजे चूक झाली, तिची किंमत मोजली, हिशेब संपला, हे तत्त्व आपल्या सगळ्यांना मान्य आहे. निदान मॅथ्सच्या बाबतीत तरी!

हेच तत्त्व पोलीस केसला लावायचं म्हटलं की मात्र आपण गप्प होतो. ‘याच्यावर केस होती’ एवढं कानावर आलं की कसली, कधीची, तिचं पुढे काय झालं, असं कोणी विचारत नाही. ज्यांच्या नावापुढे एकदा केस लागली किंवा जे तुरुंगात राहून आले, त्यांच्या शिक्षणाचं आणि नोकरीचं काय होतं, हा या लेखाचा विषय आहे. सबमिशनच्या धामधुमीत वाचायला तो जरा जड आहे, कबूल. पण प्लेसमेंट सीझन सुरू व्हायच्या आधी वाचून ठेवा. का ते पुढे येईलच.

आधी थोडे शब्द. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ‘बंदी’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ‘प्लास्टिक बंदी’ नाहीतर ‘नोटाबंदी’ यायची. कारागृह खात्याच्या भाषेत बंदी म्हणजे कैदी. त्यातही दोन जाती. ज्यांचा खटला अजून चालू आहे ते ‘न्यायाधीन बंदी’, बोलीत कच्चे कैदी. ज्यांचा गुन्हा कोर्टात शाबित झाला ते ‘सिद्धदोष बंदी’, म्हणजे पक्के कैदी. आता तुम्हाला वाटेल, तुरुंगात बहुतेक पक्केच असणार. मलाही तसंच वाटायचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ सालचे आकडे बघा: देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार ३०२ कच्ची होती. शेकडा ७५.८! चारातल्या तिघांवरचा आरोप कोर्टात अजून सिद्धच झालेला नव्हता.

आपल्याला ब्लॉक डायग्रामची सवय आहे, तर तसंच मांडते. पहिला ब्लॉक एफ.आय.आर., म्हणजे कोणीतरी तक्रार दिली आणि पोलिसांनी नोंदवून घेतली. दुसरा ब्लॉक तपास. तपासात पुरावा मिळाला तर तिसरा, दोषारोपपत्र. मग खटला. त्याच्या शेवटी दोन वाटा फुटतात, एक निर्दोष मुक्ततेची आणि दुसरी दोषसिद्धीची. अटक मधे कुठेही होऊ शकते, किंवा होतही नाही. शिवाय काही किरकोळ गुन्ह्यांत दोन्ही पक्षांना कायद्यानुसार आपसात तडजोड करता येते, आणि गंमत म्हणजे अशा तडजोडीचा कायदेशीर परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच असतो. एवढी लांबलचक सर्किट, पण गावात, सोसायटीत आणि बऱ्याच कंपन्यांच्या एच.आर.मध्ये या सगळ्या ब्लॉक्सचं आउटपुट एकच: ‘त्याच्यावर केस आहे.’

आता एक खरी गोष्ट. ज्याची आहे त्याला विचारूनच लिहितेय आणि नाव गाळलंय. आमच्या डिपार्टमेंटचा एक सीनियर. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, घरची शेती जेमतेम, प्रॅक्टिकलमध्ये आमच्यासारख्या रट्टामार पोरींना सोल्डरिंग शिकवणारा. एकोणिसाव्या वर्षी गावात गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांची हाणामारी झाली. समोरच्या एका पोराचा हात मोडला. तक्रारीत पाच नावं होती, त्यात याचंही एक. हा त्या भांडणात किती होता आणि किती नव्हता हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. दोन वर्षं तारखा पडल्या, मग दोन्ही घरं एकत्र बसली, कोर्टात तडजोड झाली, केस संपली. ज्याचा हात मोडला होता तो आता याच्याच मंडळात ढोल वाजवतो.

लास्ट इयरला त्याचं कॅम्पसमधून सिलेक्शन झालं. कंपनीच्या फॉर्ममध्ये एक ओळ होती: तुमच्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे का? होय किंवा नाही. गावातले वकील म्हणाले होते, केस संपली, आता विसर. त्याने ‘नाही’वर टिक केली. पुढे कंपनीने नेमलेल्या एजन्सीने बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन केलं. हल्ली कोर्टांच्या केसेस ई-कोर्ट्सच्या साइटवर नावावरून शोधता येतात, त्यासाठी गुप्तहेर लागत नाही. आधी मेल आला की जॉइनिंग होल्डवर आहे, मग ऑफर रद्द झाल्याचा मेल आला. कारण ‘माहिती लपवली.’ फोन केला तर कोणी नीट बोलेना. सध्या तो तालुक्याला सोलर पंप बसवणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे काम करतो. तो म्हणाला, “मारामारीची शिक्षा झालीच नाही गं, टिक केल्याची झाली.”

ही गोष्ट ऐकल्यावर मी लायब्ररीत आणि नेटवर शोधाशोध सुरू केली, आणि चकित झाले. जवळजवळ अशीच केस थेट सुप्रीम कोर्टात गेलेली आहे! दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबलच्या जागेसाठी एका तरुणाने १९९९ साली अर्ज केला. गुन्ह्याबद्दलच्या रकान्यात त्याने ‘नाही’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात भाडेकऱ्याशी झालेल्या मारामारीची केस त्याच्यावर होती, पण ती तडजोडीने मिटून १९९८ सालीच तो निर्दोष सुटला होता. सगळ्या परीक्षा पास झाल्यावर २००१ साली पुढचा फॉर्म भरताना त्याने स्वतःहून हे लिहिलं, आणि खात्याने आधी लपवलंस म्हणून निवड रद्द करायची नोटीस काढली. दिल्ली हायकोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पोलीस खातं सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्च २०११ मध्ये तिथेही हरलं.

निकाल छोटासा आहे, वकील नसलेल्या माणसालाही कळेल असा. न्यायमूर्तींनी म्हटलंय की घटना घडली तेव्हा हा मुलगा साधारण वीस वर्षांचा असेल. या वयात पोरांच्या हातून आगळीक होते, आणि किरकोळ आगळिकीवरून कोणाला जन्मभर गुन्हेगार ठरवण्यापेक्षा ती पोटात घातलेली बरी. त्यात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या, भुकेल्या घरासाठी पाव चोरून आयुष्यभर चोर ठरलेल्या ज्याँ व्हालज्याँचा दाखला आहे. आणि १९७० सालच्या वेल्सच्या विद्यार्थ्यांचाही आहे. आपल्या भाषेसाठी आंदोलन करताना त्यांनी लंडनच्या हायकोर्टात घुसून कामकाज बंद पाडलं होतं. त्यांना झालेली कैद अपिलात लॉर्ड डेनिंग यांच्या कोर्टाने रद्द करून त्यांना सोडून दिलं. वीस वर्षांचा मुलगा... मी पण वीसच वर्षांची आहे, त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा आला.

पण ‘सुप्रीम कोर्टाने सांगितलंय’ म्हणून कोणी निर्धास्त होऊ नका. पुढे २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या केसमध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने या विषयाचे नियमच घालून दिले. त्यांचा सारांश असा, की विचारलेली माहिती खरीच दिली पाहिजे. तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब असेल तर ती लपवली गेली तरी नोकरी देणाऱ्याने सोडून देता येते. गुन्हा गंभीर असेल तर निवड रद्द करता येते. आणि खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतोच, खरं बोललात म्हणून नोकरी द्यायचं बंधन त्याच्यावर नाही. शिवाय हे सगळं सरकारी नोकरीबद्दल. खाजगी कंपनीने जुन्या, संपलेल्या केसवरून कोणाला नाकारू नये असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाहीच.

म्हणून थोडा प्रॅक्टिकल सल्ला, विशेषतः ज्यांची गावाकडे एखादी केस झालीय त्यांच्यासाठी. (आणि असे लोक तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. लॉकडाउनचे नियम मोडले म्हणून कलम १८८ खाली इतक्या विद्यार्थ्यांवर गुन्हे दाखल झाले होते की ते मागे घ्यायचा निर्णय २०२२ साली आपल्या राज्य सरकारला घ्यावा लागला.) फॉर्ममधला रकाना शब्द न् शब्द वाचा. ‘अटक’, ‘गुन्हा दाखल’, ‘खटला प्रलंबित’, ‘दोषी’ हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि सरकारी साक्षांकन फॉर्ममध्ये ते वेगवेगळे विचारतातही. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर लिहा. केस संपली असेल तर कोर्टातून निकालाची प्रमाणित नक्कल आजच काढून ठेवा आणि ‘होय’ लिहिताना ती सोबत जोडा. नोकरी मिळेलच असं नाही, पण ‘लपवलं’ हा शिक्का तरी बसणार नाही. तो शिक्का मूळ केसपेक्षा महागात पडतो, हे आमच्या सीनियरने पाहिलंय.

आपल्या कायद्यात पाटी कोरी करायची सोय अगदीच नाही असं नाही. अठराच्या आत हातून गुन्हा घडला असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्यामुळे पुढे कसलीही अपात्रता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळाच्या पुढच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालला, तर तेवढा अपवाद. १९५८ चा प्रोबेशनचा कायदा त्याहून पुढे जातो. तो म्हणतो की एकवीसच्या आतल्या गुन्हेगाराला, गुन्हा जन्मठेपेइतका मोठा नसेल तर, शक्यतो तुरुंगात धाडू नये, चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडावं. तसं सोडलं तर त्या दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रताही लागू होत नाही. दोषसिद्धीची नोंद पुसली जाते असं मात्र नाही. ब्रिटनने १९७४ साली यासाठी स्वतंत्र कायदाच केला: शिक्षेनंतर ठरावीक वर्षं माणूस सरळ वागला की ती शिक्षा ‘सरलेली’ मानायची आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगायची गरज नाही. मुलांमध्ये काम करणं वगैरे काही जागा सोडून. बघा, डेड बॅकलॉग!

इथपर्यंतच्या गोष्टी पटायला सोप्या आहेत. निर्दोष सुटलेल्याबद्दल, कोवळ्या वयातल्या चुकीबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटतं. मी कॅन्टीनमध्ये हा विषय काढला तेव्हा सगळे माना हलवत होते. मग मी विचारलं, आणि ज्याने खरंच गुन्हा केलाय, सात वर्षं शिक्षा भोगून आलाय, त्याचं काय? तिथे टेबल फुटलं! एक मित्र म्हणाला, “इथे आपल्यालाच नोकऱ्या नाहीत आणि तू त्यांचं काय घेऊन बसलीस?” माझी रूममेट जास्त शांतपणे म्हणाली, “ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरच्यांना कोण विचारतं?”

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सुटून आलेला माणूस आपल्या सॉफ्टवेअरच्या जागेसाठी रांगेत नसतो. त्याला गॅरेजमध्ये, वायरिंगच्या कामावर, गोडाउनमध्ये, सुतारकामावर कोणी ठेवून घेतलं तरी खूप झालं. कोणीच ठेवलं नाही तर तो करणार काय? जुनी ओळख असलेली एकच लाइन त्याच्यासाठी उघडी राहते. मग तो पुन्हा आत गेला की आपण म्हणायला मोकळे, बघा, असले लोक सुधारत नसतात.

रूममेटच्या प्रश्नाला माझ्याकडे तसं चोख उत्तर नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला मी ए.टी.के.टी.ची उपमा सांगायला जाणार नाही. पण एवढं मला कळतं की कोर्टाने सात वर्षं दिली असतील तर आठवं, नववं, विसावं वर्ष त्याला देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. आणि याचा अर्थ डोळे मिटून सगळ्यांना सगळीकडे घ्या असाही नाही. लहान मुलांवर अत्याचार केलेला माणूस शाळेच्या बसवर नकोच. पैशांची अफरातफर केलेल्याच्या हातात गल्ला देऊ नये हेही बरोबर. पण जमिनीच्या भांडणात बांधावर कुऱ्हाड चाललेला माणूस उत्तम वेल्डर असेल तर त्याच्या वेल्डिंगचा आणि त्या कुऱ्हाडीचा संबंध काय? गुन्ह्याचा कामाशी संबंध आहे का, आणि मधे किती वर्षं गेली, हे दोन प्रश्न विचारले तरी माझ्या मते बरंच काम होईल.

आणि ‘रेकॉर्ड’ ही काय चीज आहे ते महाराष्ट्राला इतरांनी सांगायला नको. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला त्यांना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ हजेरी. तो कायदा १९५२ साली देशभरातून गेला, पण कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली धाड पडायची सवय अजून पुरती गेलेली नाही. कागदावरची नोंद खोडली तरी लोकांच्या डोक्यातली नोंद किती वर्षं राहते, याचं हे उदाहरण आपल्याच घरचं आहे.

आता जरा आनंदाची गोष्ट, आणि तीही एका इंजिनिअरची! पोलंडमधून आलेला मॉरिस फ्रीडमन हा इलेक्ट्रिकल इंजिनिअर १९३०च्या दशकात बंगलोरच्या सरकारी इलेक्ट्रिक फॅक्टरीत होता. तिथून तो औंध संस्थानात आला. औंधचे राजे म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारवाले. या दोघांच्या डोक्यातून १९३९ साली आटपाडीजवळ एक प्रयोग सुरू झाला. शिक्षा भोगणाऱ्या, त्यातही खुनासारख्या गुन्ह्यातल्या कैद्यांना तुरुंगातून बाहेर काढायचं, माळावर जमीन द्यायची, भिंत नाही, बेडी नाही, बायकामुलांना सोबत राहू द्यायचं, शेती करून जगू द्यायचं. वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि कारागृह खात्याची खुली वसाहत म्हणून चालू आहे. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची मूळ कल्पना इथलीच, आणि कथा-पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच आटपाडी भागातले. सिनेमा बर्लिनला जाऊन बक्षीस घेऊन आला हे आपल्याला ठाऊक असतं, त्यातला माळ आपल्या राज्यात आहे हे नसतं.

मला या प्रयोगातलं डिझाइन आवडलं. नेहमीच्या तुरुंगात माणूस दहा वर्षं आत राहतो आणि एका सकाळी त्याला गेटबाहेर सोडतात. शून्यावरून एकदम फुल व्होल्टेज! कुठलंही सर्किट असं जळेल. स्वतंत्रपुरात त्याला हळूहळू बाहेरच्या जगण्याला जोडतात. बाजार, पीकपाणी, शेजारी, संसार, सगळं शिक्षा चालू असतानाच.

नेहमीच्या कारागृहांतही शिक्षण आहे. आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू या दोघांची अभ्यास केंद्रं मोठ्या कारागृहांत आहेत, तिथून लोक बी.ए. होतात. सुतारकाम, हातमाग, शिवण असे उद्योग तर जुनेच आहेत. येरवड्याला मे २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. बंद्याला ५० हजारांपर्यंत, ७ टक्के व्याजाने, जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं आणि आतल्या कामाच्या मजुरीतून ते फिटतं. मुलांच्या फी भरायला, वकिलाला द्यायला. आत बसलेल्या माणसालाही पत असू शकते हे एका बँकेने मान्य केलं, म्हणून मला ही योजना महत्त्वाची वाटते. दिल्लीच्या तिहारमध्ये तर २०११ साली चक्क कॅम्पस इंटरव्ह्यू झाले. कंपन्या आत गेल्या, सुटकेच्या जवळ आलेल्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या आणि ऑफर दिल्या. तेलंगणाच्या कारागृह खात्याने इंडियन ऑइलबरोबर पेट्रोल पंप काढले, तिथे बंदी आणि सुटून आलेले लोक काम करतात. रोज रोख रकमेची देवाणघेवाण, आणि पंप चालू आहेत.

मग अडतं कुठे? गेल्या वर्षी आमच्या एन.एस.एस.ने जिल्हा कारागृहाच्या वाचनालयासाठी पुस्तकं गोळा केली होती. आम्ही खोकी भरभरून कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं नेली. तिथल्या गुरुजींनी कौतुकाने ठेवून घेतली आणि मग म्हणाले, “बाळांनो, पुढच्या वेळी वायरमनचं, फिटरचं, मोटर रिवाइंडिंगचं मराठी पुस्तक मिळालं तर बघा. त्याला नंबर लागतात.” गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाही. पक्क्या कैद्याला कोर्स देता येतो, कारण तो किती दिवस आहे हे माहीत असतं. कच्च्याचा भरवसा नाही. उद्या जामीन होईल, किंवा तीन वर्षं होणार नाही. सहा महिन्यांच्या कोर्सला बसवलं आणि चौथ्या महिन्यात सुटला तर हातात कागद शून्य. वरचा आकडा आठवा: चारातले तीन कच्चे. म्हणजे जे काही शिक्षण आहे ते मुख्यतः चौथ्यासाठी आखलेलं.

यावर उपाय इंजिनिअरिंगच्या पोरांना सुचायला हरकत नाही, कारण आपण मॉड्यूलमध्येच शिकतो. सहा महिन्यांचा कोर्स पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांत तोडा. प्रत्येक तुकड्याला वेगळं प्रमाणपत्र, आणि राहिलेले तुकडे बाहेर कुठल्याही आय.टी.आय.मध्ये पूर्ण करायची मुभा. थोडक्यात क्रेडिट ट्रान्स्फर. त्या प्रमाणपत्रावर आय.टी.आय.चं नाव असावं, कारागृहाचं नको. नाहीतर ते दाखवणं म्हणजे स्वतःच्या हाताने टिक करणं.

आपल्या कॉलेजापुरतं बोलायचं तर दोन गोष्टी आम्ही काही जणांनी सुरू केल्यात. एक, टी अँड पी सेलला पत्र दिलंय. येणाऱ्या कंपन्यांना विनंती करावी की फॉर्ममध्ये ‘गुन्हा दाखल’ आणि ‘दोषी’ असे वेगळे रकाने ठेवा, आणि ऑफर रद्द करायच्या आधी मुलाला एकदा समोर बसवून ऐकून घ्या. सरांनी पत्र ठेवून घेतलंय. “कंपनी नाराज झाली तर?” असंही ते म्हणाले, आणि त्यांची काळजी मला समजते. पण आमचा आग्रह दुसऱ्या मागणीसाठी जास्त आहे, कारण तिला कंपनीचा एक पैसाही लागत नाही.

दोन, पुस्तकं. या सेमिस्टरला पुन्हा गोळा करतोय. इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलवाल्यांनी डिप्लोमाची, आय.टी.आय.ची, घरी काका-मामांकडे पडलेली जुनी मराठी पुस्तकं आणावीत. गाइडं चालतील. दहावीची गणिताची आणू नका, अभ्यासक्रम बदललाय, गेल्या वेळची तशीच पडून आहेत. पानं फाटलेली नसावीत, आणि पहिल्या पानावर तुमचं नाव, रोल नंबर असेल तर तेवढं पान काढून द्या. खोकं लायब्ररीच्या काउंटरशेजारी ठेवलंय.